‘आमराईतली शाळा’चे हक्क

‘आता ती मालिका कुणाच्याच बापाची राहिली नाही, काका,’ रियाज म्हणाला. ‘सगळ्यांची झाली.’

रियाज मुजावर आमच्या गल्लीत केबल चालवायचा. त्या दिवशी तो आमच्या टीव्हीच्या मागे वाकून वायर बदलत होता. इंदू, माझी बायको, खाली बसून मेथी निवडत होती.

‘म्हणजे काय?’ तिने विचारलं.

‘परवा सांगलीत आमची केबलवाल्यांची मीटिंग झाली. तिथं एक वकील आलता. तो म्हणाला, टीव्हीवर दाखवलेल्या कार्यक्रमाचा हक्क पंचवीस वर्षं. ती झाली की कुणीही दाखवा, कुणीही कॉपी काढा, कोण विचारत नाही. तुमच्या अलकाची मालिका सत्त्याऐंशीची ना? मग झाली की पंचवीस.’

‘नक्की का?’ मी म्हणालो.

‘वकील बोलला, काका. मी कशाला बोलू?’

इंदूने मेथीची जुडी बाजूला ठेवली. हात पदराला पुसले. ‘मग उद्याच कोल्हापूरला जाऊया,’ ती म्हणाली.

अलका आमची मुलगी. एकुलती एक. ती दुसरीतून तिसरीत गेली त्या उन्हाळ्यात इंदू तिला घेऊन माहेरी गेली होती. इंदूच्या माहेरच्या गावाला मोठी आमराई होती आणि तिथे कोल्हापूरचे निर्माते श्रीकांत नाईकनवरे ‘आमराईतली शाळा’ नावाच्या मालिकेचं शूटिंग करत होते. त्यांनी ठरवलेली मुलगी आजारी पडली. बघायला जमलेल्या पोरांत अलका पुढे उभी होती. तिला चार वाक्यं म्हणायला सांगितली, ती तिने न लाजता म्हटली, आणि त्यांनी तिला घेतलं. तिचं मालिकेतलं नाव गंगी. चार भागांत ती होती. आम्ही ते भाग शेजारच्यांच्या घरी जमिनीवर बसून पाहिले. टीव्ही आमच्याकडे नव्हता, टेपरेकॉर्डरही नव्हता.

पुढच्या वर्षी अलकाला ताप आला आणि तो मेंदूत गेला. मिरजेच्या दवाखान्यात ती गेली. त्यानंतर आम्हाला मूल झालं नाही.

फोटो होते आमच्याकडे. पण इंदूला तिचा आवाज ऐकायचा होता. नव्वद साली आम्ही दोघं कोल्हापूरला नाईकनवऱ्यांच्या ऑफिसात गेलो. माणूस सभ्य होता. त्याने चहा दिला. म्हणाला, ‘मालिकेच्या संगीतावरून एका कॅसेट कंपनीशी वाद चाललाय. हक्काचा प्रश्न आहे. तो सुटेपर्यंत मला ती कुणाला दाखवता येत नाही, कॉपीही देता येत नाही.’ आम्ही चहा पिऊन परत आलो.

हक्क म्हणजे काय हे मला नीट कळत नव्हतं. मी इचलकरंजीत यंत्रमागावर जॉबर होतो, बिघडलेले माग दुरुस्त करायचो. आमच्याकडे खर्चीवाला असतो. तो व्यापाऱ्याच्या सुताचं कापड विणून देतो. माग त्याचा, मेहनत त्याची, पण कापड त्याचं नसतं. मालिकेचंही तसंच काहीतरी असेल असं मी धरून चाललो. इंदू मात्र दर एक-दोन वर्षांनी विचारायची, ‘सुटला असेल का हो तो प्रश्न?’ मी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा तेच उत्तर आलं. मग तिने विचारायचं बंद केलं.

रियाज हे सांगायला आला त्या साली इंदूच्या हृदयाच्या झडपेचं दुखणं वाढलं होतं. डॉक्टरांनी ऑपरेशनला नाही म्हटलं होतं. जिना चढली की ती भिंतीला धरून उभी राहायची. हे रियाजलाही माहीत होतं, म्हणून त्याने दुसऱ्या दिवशी स्वतःची गाडी काढली.

गाडीत इंदू पुढे बसली होती. ‘काकू, आज काका लई शांत,’ रियाज म्हणाला.

‘त्यांना मागाची खटखट नसली की करमत नाही,’ ती म्हणाली. ‘चाळीस वर्षं त्या कारखान्यात काढली. घरी आले तरी ओरडून बोलायचे. अलका म्हणायची, बाबा भांडायलेत का?’

ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

नाईकनवऱ्यांचं ऑफिस केव्हाच बंद झालं होतं. ते राजारामपुरीत दुसऱ्या मजल्यावर राहत होते. लिफ्ट नव्हती. इंदूला वर न्यायला वेळ लागला. दार त्यांनी स्वतःच उघडलं. हातात काठी, अंगात बंडी. खूप वाळले होते.

‘कोण आपण?’

‘मी इंदुमती खारगे,’ इंदू दम खात म्हणाली. ‘गंगीची आई.’

ते दारातून बाजूला झाले आणि तिला खुर्ची दिली. पाणी आणायला आत गेले. घरात दुसरं कुणी दिसत नव्हतं.

रियाजने बसल्या बसल्या विषय काढला. पंचवीस वर्षं, वकील, मीटिंग, सगळं सांगितलं. नाईकनवरे ऐकत होते.

‘वकिलानं बरोबर सांगितलंय, पण अर्धंच,’ ते म्हणाले. ‘पंचवीस वर्षं ही प्रक्षेपणाची. ज्यानं दाखवलं, त्याचा हक्क पंचवीस वर्षांनी संपतो. पण जे दाखवलं ते कायद्यात फिल्म धरतात. फिल्मला साठ वर्षं. सत्त्याऐंशी आणि साठ किती झाले?’

‘दोन हजार सत्तेचाळीस,’ रियाज म्हणाला.

‘त्या सालचा डिसेंबर संपला की सगळ्यांची.’

‘तोवर आम्ही कुठले असायला?’ मी म्हणालो.

‘मीही नसणार,’ ते म्हणाले. ‘हे असतील.’ त्यांनी काठीने रियाजकडे दाखवलं.

‘मी असून काय करू, साहेब? मला गंगी माहीत नाही,’ रियाज म्हणाला.

मला वाटलं, संपलं. उठायचं आणि जायचं. पण इंदू उठली नाही.

‘म्हणजे हक्क अजून तुमचा आहे,’ ती म्हणाली.

‘हो.’

‘कॅसेट कंपनीचं भांडण?’

‘ते मिटलं. फार वर्षं झाली.’

‘मग तुम्ही लावलं तर कुणी काय म्हणणार नाही. मला कॉपी नको. तुमच्या घरात, तुमच्या टीव्हीवर, तुम्ही लावा. मी ऐकते आणि जाते.’

‘मशीन चालत नाही,’ ते म्हणाले.

‘मशीन कुठाय? मी चालू करतो,’ रियाज उठला.

‘टेपांना बुरशी आलीय.’

‘असू दे की. बघू तरी.’

‘बाई,’ नाईकनवरे इंदूला म्हणाले, ‘नका बघू. ऐका माझं. तुम्हाला त्रास होईल.’

‘त्रास माझा आहे,’ इंदू म्हणाली. ‘तो होऊ दे.’

ते काठी टेकत उठले. मग आत गेले आणि एक डीव्हीडी घेऊन आले. त्यांच्या भाच्याने जुन्या टेपा डीव्हीडीवर उतरवून ठेवल्या होत्या. मशीनची आणि बुरशीची बाब खोटी होती हे आम्हा सगळ्यांना कळलं. मला वाटलं, म्हातारा माणूस, जुन्या गोष्टी उकरायला नको वाटत असेल.

रियाजने डीव्हीडी लावली. आधी नावं आली. आमराई, मुलांची रांग, मागे गाणं.

‘हे गाणं नव्हतं,’ इंदू म्हणाली.

‘गाणं कसलं लक्षात ठेवतेस?’ मी म्हणालो. ‘गप बघ.’

मग अलका आली. विहिरीच्या काठावर बसलेली, निळा परकर, दोन वेण्या वर बांधलेल्या. पायाने दगडावर ठोकत होती. ती तशी ठोकायची हे मी विसरलो होतो. समोरून शाळेचे मास्तर आले. तिने मान वर केली आणि म्हणाली, ‘गुरुजी, आमची शेळी तुमच्या शाळेत आलीय का?’

माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. मी इंदूचा हात धरला. ‘ऐकलंस?’ मी म्हणालो. ‘ऐकलंस का, इंदू? तीच.’

अलका पुढे बोलत होती. शेळी हुशार आहे, तिला पाढे येतात, असं काहीतरी. मास्तर हसत होते. मीही हसलो.

इंदूने हात काढून घेतला.

‘ही ती नाही,’ ती म्हणाली.

‘अगं, असं काय करतेस? तीच की. तो परकर तूच शिवला होतास.’

‘दिसतेय ती तीच आहे. बोलतेय ती वेगळी आहे.’

मी नाईकनवऱ्यांकडे पाहिलं. ते टीव्हीकडे बघत नव्हते. त्यांनी रिमोट घेतला आणि आवाज बंद केला. पडद्यावर अलका बोलत राहिली.

‘तो वाद होता ना,’ ते म्हणाले. ‘कॅसेट कंपनीचा. तडजोडीत ठरलं की त्यांचं संगीत मालिकेतून काढायचं. काढलं तर मालिका माझी. तेव्हा एक चॅनेल ती विकत घ्यायला तयार होतं. मी हो म्हणालो. पण आमच्याकडे साउंडचा एकच ट्रॅक होता. संगीत आणि मुलांचं बोलणं एकात एक मिसळलेलं. तेव्हा आम्ही तसंच करायचो, वेगळे ट्रॅक ठेवणं परवडायचं नाही. आता संगीत काढायचं तर बोलणंही जाणार.’

‘मग?’ रियाजने विचारलं.

‘मग सगळंच नव्यानं भरलं. मोठ्या नटांना बोलावलं. मुलं तोवर मोठी झालेली, आवाज फुटलेले. मुंबईत एक बाई होत्या, लहान मुलांचे आवाज काढायच्या. सगळ्या मुलांचं त्यांनीच केलं.’

‘आणि जुनं?’ इंदू म्हणाली.

‘त्याच टेपांवर नवं भरलं.’

‘म्हणजे पुसलं.’

‘हो.’

‘दुसरी टेप?’

‘नव्हती. मी शोधलं, बाई. मागे शोधलं. दाखवली होती तिथं विचारलं, लॅबमध्ये विचारलं. कुठं नाही.’

इंदूचा श्वास ऐकू येत होता. मग तिने विचारलं, ‘हे कधी केलंत?’

‘पंच्याण्णव साली.’

‘आम्ही नव्वदला आलो होतो.’

‘हो.’

‘तेव्हा तिचा आवाज होता?’

‘होता,’ नाईकनवरे म्हणाले. ‘त्याच खोलीत, मागच्या कपाटात होता. वकिलानं मला बजावलं होतं, निकाल लागेपर्यंत कुणालाही दाखवायचं नाही, एकालाही नाही. तुम्ही चहा पीत होता तेव्हा माझ्या मनात आलं होतं, लावावं. दार लावून लावावं. कुणाला कळणार होतं?’

मला खूप काही बोलायचं होतं. मी उठून उभाही राहिलो. रियाजने माझ्या दंडाला धरलं. इंदूने माझ्याकडे पाहिलंच नाही.

‘त्या बाईंनी काम चांगलं केलंय,’ ती नाईकनवऱ्यांना म्हणाली. ‘ओठांवर बरोबर बसलंय. यांना तर कळलंसुद्धा नाही.’

‘त्या गेल्या,’ ते म्हणाले. ‘चार-पाच वर्षं झाली.’

‘परत लावा,’ इंदू म्हणाली. ‘आवाज नको.’

आम्ही अलकाचे चारही भाग आवाज बंद करून पाहिले. शेळी सापडली. अलका रडली, मग झाडावर चढली, मग मुलांबरोबर पळाली. खाली रस्त्यावर रिक्षा जात होत्या, त्यांचे आवाज येत होते. शेवटी नाईकनवऱ्यांनी डीव्हीडी काढून पाकिटात घातली आणि इंदूच्या हातात दिली.

‘घेऊन जा.’

‘सत्तेचाळीस सालाचं काय?’ रियाज म्हणाला. त्याला ते बोलायचं नसावं, तोंडातून निघून गेलं.

‘माझ्यामागं ती मागायला येणारं कुणी नाही,’ नाईकनवरे म्हणाले. ‘आज तुम्ही आलात तेवढेच.’

परत येताना रियाज सारखा बोलत होता. गप्प बसणं त्याला जमत नव्हतं. ‘काकू, तेव्हा काही घरांत व्हीसीआर होते. कुणीतरी घरी रेकॉर्ड केली असणार. लोक काय पण रेकॉर्ड करायचे. मी सगळ्या ऑपरेटरना विचारतो. सांगली, मिरज, निपाणी. मिळेल.’

त्याने खरंच विचारलं. दोन-तीन महिने तो लोकांकडून जुन्या कॅसेट आणत होता. लग्नं निघाली, बारशी निघाली, क्रिकेटच्या मॅचेस निघाल्या. मालिका रविवारी लागायची; जयसिंगपूरच्या एका मास्तरांकडे अलकाचा पहिला भाग लागला त्या रविवारची कॅसेट मिळाली. रियाज ती घेऊन धावत आला. मास्तरांनी मालिकेच्या आधीचा शेतीचा कार्यक्रम रेकॉर्ड केला होता. तो संपला, ‘आमराईतली शाळा’ हे नाव आलं, गाण्याची पहिली ओळ सुरू झाली आणि मास्तरांनी बटण बंद केलं. त्यांना शेतीचाच कार्यक्रम हवा होता.

‘हे ते गाणं,’ इंदू म्हणाली. ‘बघा, मी म्हणत होते.’

रियाज टीव्हीसमोर तसाच बसून राहिला. ‘अजून दोन मिनिटं चालू ठेवलं असतं तर मास्तरांच्या बापाचं काय गेलं असतं?’ तो म्हणाला.

‘त्यांना काय ठाऊक?’ इंदू म्हणाली. ‘जाऊ दे. चहा घे.’

त्यानंतर तिने त्याला कॅसेट आणू दिल्या नाहीत.

डीव्हीडी तिने कपाटात ठेवली आणि पुन्हा काढली नाही. एकदा ती दवाखान्यात तपासायला गेली असताना मी ती लावली. आवाज चालू ठेवून. ‘गुरुजी, आमची शेळी तुमच्या शाळेत आलीय का?’ मी परत परत तेवढंच लावलं. ही आपली मुलगी नाही, मुंबईची एक बाई आहे, हे मला आता माहीत होतं. तरी मला फरक सापडत नव्हता. माझे कान मागाने कमी केले होते हे खरं आहे, पण हे कानाचं नव्हतं. फरक कळायला दुसरा आवाज आठवायला लागतो. तो माझ्याकडे नव्हता. मी आठवायला गेलो की हाच येत होता.

हे मी इंदूला सांगितलं नाही. पण नंतर कधीतरी विचारलं, ‘तुला त्या दिवशी कसं कळलं?’

‘ती बाई वाक्याच्या शेवटी आवाज वर नेते,’ इंदू म्हणाली. ‘अलका खाली आणायची. आणि जरा घोगरी होती. सर्दी झाल्यासारखी. तुम्हीच म्हणायचा, हिला औषध आण.’

मी असं म्हणायचो हेही मला आठवत नव्हतं.

तो हिवाळा इंदूने खाटेवर काढला. पायांवर सूज आली होती. सकाळी उन्हाची तिरीप यायची तिथे मी तिची खाट सरकवायचो. ती जायच्या थोडे दिवस आधीची गोष्ट. मी तिचे पाय चेपत होतो. गल्लीतल्या मागांची वीज गेली होती म्हणून सगळं शांत होतं.

‘इंदू,’ मी म्हणालो, ‘अलका कशी बोलायची?’

‘सांगितलं की मागे.’

‘सांगितलंस. पण मला आठवत नाही. तू गेलीस की कुणालाच माहीत नसणार.’

पहिल्यांदाच मी तिच्यासमोर तिच्या जाण्याचं बोललो. ती रागावली नाही. छताकडे बघत राहिली.

‘शाळेतून यायची,’ ती म्हणाली. ‘दप्तर टाकायची दारात. उंबऱ्यावरच बसायची. आणि तिथनंच म्हणायची.’

‘काय म्हणायची?’

इंदूने उशीवरून डोकं थोडं उचललं. घसा साफ केला. मग आवाज बारीक करून, जरासा घोगरा करून म्हणाली, ‘आई, मला काहीतरी दे.’

तिला लगेच खोकला आला. मी पाणी दिलं. ती पाणी प्यायली आणि पुन्हा म्हणाली, ‘आई, मला काहीतरी दे.’ या वेळी शेवटी आवाज खाली आणला, जसा तिने सांगितला होता तसा.

मी ऐकत होतो. खाटेवर पडलेली साठीची बाई लहान मुलीसारखं बोलत होती. मला इंदूचाच आवाज ऐकू येत होता.

‘आठवलं?’ तिने विचारलं.

‘हो,’ मी म्हणालो. ‘आठवलं.’

तिने माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

‘नाही आठवलं,’ ती म्हणाली आणि भिंतीकडे वळली.